न्यायमूर्ती आणि सार्वजनिक जीवन: अब्बास तय्यबजींच्या निमित्ताने

सुरसागर

आमच्या मंडळाच्या व्याख्यानमालेत यंदा एक दिवस माझ्याकडे आहे. विषय मी मागून घेतला: अब्बास तय्यबजी. बडोदा संस्थानचे मुख्य न्यायाधीश. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांबद्दल कुणीही तासभर बोलेल. अरविंदबाबू दांडिया बाजारात राहायचे हे शाळेतलं पोरही सांगतं. तय्यबजींचं नाव काढलं की मात्र "ते पक्षीवाले सलीम अली का?" असं विचारतात. (सलीम अली त्यांच्या नात्यातलेच, पण ती वेगळी गोष्ट.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म 1854. अकरा वर्षं इंग्लंडात राहून शिकले, बॅरिस्टर झाले आणि 1875 मध्ये परतले. बडोद्याच्या न्यायखात्यात शिरले आणि थेट मुख्य न्यायाधीशपदापर्यंत चढले. राहणी पूर्ण साहेबी, सूट इंग्रजी शिवणीचे. निवृत्त झाले तेव्हा घरदार, मान, सगळं जागच्या जागी होतं. 1919 मध्ये जालियनवाला बाग झाली. काँग्रेसने पंजाबातल्या अत्याचारांची चौकशी करायला स्वतःची समिती नेमली, तीत हे होते. तिथून आल्यावर विलायती कपडे जाळले, खादी घातली, तिसऱ्या वर्गाने फिरायला लागले आणि बैलगाडीत खादी घालून गावोगाव विकली. 1930 मध्ये गांधीजींना अटक झाली तर धारासण्याच्या मिठागरांवरच्या सत्याग्रहाचं पुढारपण यांनी करायचं असं आधीच ठरलं होतं. वय 76. 4-5 मेच्या मध्यरात्री गांधीजींना उचललं, 12 मे रोजी हे निघाले, वाटेतच पकडले गेले, तीन महिन्यांची शिक्षा झाली. पुढचं नेतृत्व सरोजिनी नायडूंनी केलं. 9 जून 1936 रोजी मसुरीला वारले.

माझं मत असं, की निवृत्त न्यायाधीशाने सार्वजनिक जीवनात यावंच. आयुष्यभर दोन्ही बाजू ऐकून घेतलेला माणूस गप्प घरी बसला तर समाजाचं नुकसान आहे. पण त्याने खुर्ची घेऊन येऊ नये. तय्यबजी तसे आले, म्हणून मला ते मोठे वाटतात. तुम्हाला पटतं का? व्याख्यानात हेच मांडायचं आहे, तेव्हा जिथे कच्चं वाटेल तिथे बिनधास्त बोट ठेवा.

अकोट्याचा_पक्या

मस्त विषय ताई. वाचतोय.

रावपुरा_वकील

निम्मं पटलं. "खुर्ची घेऊ नये" म्हणणं सोपं आहे, पण कायदाच खुर्च्या तयार करून ठेवतो. मानवी हक्क आयोगाचा अध्यक्ष कोण? निवृत्त सरन्यायाधीश, किंवा 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वोच्च न्यायालयाचा कुठलाही निवृत्त न्यायाधीश. हरित न्यायाधिकरण, कंपनी कायद्याचं अपील न्यायाधिकरण, चौकशी आयोग, सगळीकडे निवृत्त न्यायमूर्तीच लागतात. तेही कुणी घ्यायचं नाही म्हटलं तर ही कामं करणार कोण?

दुसरं, घटनेच्या कलम 124(7) प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश देशातल्या कुठल्याच कोर्टात वकिली करू शकत नाही. उच्च न्यायालयाच्या कायम न्यायाधीशाला कलम 220 ने थोडी सूट आहे, तो सर्वोच्च न्यायालयात किंवा दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयात उभा राहू शकतो. म्हणजे 65 व्या वर्षी, डोकं लख्ख चालत असताना, हातातलं एकमेव हत्यार काढून घेतलेलं असतं. मग माणूस कुठेतरी वळणारच.

फतेगंजची_मीना

वळू दे की. पण राज्यसभेकडे आणि राजभवनाकडेच का वळतात सगळे?

जुनाजाणता

मीनाताई, सगळे नाही. पण यादी मोठी आहे हे खरं. आणि ती कालपरवाची नाही, म्हणून एका पक्षाच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही. बहरुल इस्लाम आधी राज्यसभेत होते, मग उच्च न्यायालयात न्यायाधीश, मग सर्वोच्च न्यायालयात, आणि 1983 मध्ये पुन्हा राज्यसभेत. रंगनाथ मिश्र सरन्यायाधीश होते, 1998 मध्ये राज्यसभेत गेले. फातिमा बीवी 1997 मध्ये तामिळनाडूच्या राज्यपाल. सदाशिवम 2014 मध्ये केरळचे राज्यपाल. रंजन गोगोई नोव्हेंबर 2019 मध्ये निवृत्त झाले आणि मार्च 2020 मध्ये राज्यसभेत नियुक्त झाले. अभिजित गंगोपाध्याय तर 2024 मध्ये राजीनामा देऊन लगेच लोकसभेला उभे राहिले आणि निवडून आले.

उलट बाजूही बघा. के. सुब्बाराव 1967 मध्ये सरन्यायाधीशपद सोडून राष्ट्रपतिपदाला उभे राहिले, हरले. एच. आर. खन्नांनी आणीबाणीत एकट्याने विरोधी निकाल दिला, जानेवारी 1977 मध्ये त्यांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. 1982 मध्ये तेही राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि हरले. दोघांना मिळालं काहीच नाही, पण उभे राहिले. मला ते पद मागणं वाटत नाही.

इंदूरचा_पाव्हणा

आमच्या इंदूरचं उदाहरण घ्या. विष्णु सदाशिव कोकजे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयात न्यायाधीश, मग राजस्थानात, 2003 ते 2008 हिमाचलचे राज्यपाल, 2018 मध्ये विश्व हिंदू परिषदेचे अध्यक्ष. इथल्या मराठी घरांत त्यांच्याबद्दल आदराने बोलतात. राज्यपाल झाले म्हणून न्यायाधीश म्हणून केलेलं काम पुसलं जातं, असं मला नाही वाटत. सुरसागर ताईंची अट फार कडक आहे.

सुरसागर

@इंदूरचा_पाव्हणा, काम पुसलं जातं असं मीही म्हणत नाही. माझा मुद्दा पक्षकाराच्या बाजूने आहे. समजा माझा सरकारविरुद्धचा खटला एका न्यायमूर्तींपुढे आहे आणि मी हरले. दोन महिन्यांनी ते निवृत्त होतात आणि त्याच सरकारने त्यांना कुठेतरी नेमलं. निकाल शंभर टक्के बरोबर असेल. पण माझ्या मनातली शंका कोण काढणार? ती काढायला मला कुठल्या कोर्टात जाता येतं?

रावपुरा_वकील

हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. विधी आयोगाचं 1958 चं चौदावं प्रतिवृत्त हेच सांगत होतं. अध्यक्ष मोतीलाल सेटलवाड. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी नोकरी घेऊ नये, अशी शिफारस होती, कारण सरकार हाच कोर्टातला सगळ्यात मोठा पक्षकार. आता गंमत बघा. त्या आयोगाचे एक सदस्य होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. आणि त्याच वर्षी छागला मुख्य न्यायमूर्तिपद सोडून अमेरिकेत राजदूत म्हणून गेले! सेटलवाडांना ते फार लागलं होतं.

जुनाजाणता

छागलांवर एवढ्यावर शिक्का मारू नका हो. आणि ते आपलेही मुख्य न्यायमूर्ती होते हे विसरू नका. 1949 मध्ये बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, बडोद्याचं स्वतःचं उच्च न्यायालय संपलं आणि आपण मुंबई उच्च न्यायालयाखाली गेलो. 1960 मध्ये अहमदाबादला गुजरातचं उच्च न्यायालय होईपर्यंत बडोद्याची अपिलं मुंबईला जात. माझ्या वडिलांच्या तोंडी "छागलासाहेब" हे नाव घरच्यासारखं असायचं.

त्यांची कामं बघा. 1956 मध्ये टिळकांच्या शब्दांची संगमरवरी पाटी मुंबई उच्च न्यायालयात लागली, ती त्यांच्या हातून. 1908 मध्ये जिथे टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्याच दालनाबाहेर. 1958 मध्ये मुंद्रा प्रकरणाची (आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंद्रांच्या कंपन्यांत पैसे गुंतवले त्याची) चौकशी त्यांनी एकट्याने आणि उघड्यावर केली. लोकांना बसून ऐकता आली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. जो माणूस सरकारच्या अर्थमंत्र्याला घरी पाठवतो, त्याला सरकारने राजदूतपद लाच म्हणून दिलं असं म्हणणार का? पुढे ते शिक्षणमंत्री झाले, परराष्ट्रमंत्री झाले, आणि 1967 मध्ये उच्च शिक्षणाच्या भाषेवरून मतभेद झाला तेव्हा मंत्रिपद सोडून बाहेर पडले. आणीबाणीत उघडपणे विरोधात बोलले. खुर्ची सोडता येणाऱ्या माणसाने खुर्ची घेतली, तर बिघडलं कुठे?

रावपुरा_वकील

बिघडलं एवढंच, की शिफारस करणाऱ्यानेच ती मोडली. त्यानंतर ती शिफारस कुणी गंभीरपणे घेणार होतं का? माणूस थोर होता, म्हणून तर उदाहरण जास्त महागात पडलं.

अनवाणी

मला वेगळाच प्रश्न पडलाय. तय्यबजींनी आयुष्यभर कायदा मोडणाऱ्यांना शिक्षा दिल्या. मग स्वतःच कायदा मोडायला निघाले. हे न्यायाधीशाला शोभतं? उद्या एखादा निवृत्त न्यायमूर्ती रस्ता अडवून बसला तर आपण टाळ्या वाजवणार आहोत का? माझ्या मते ही व्याख्यानातली सगळ्यात कच्ची जागा आहे, आणि ताईंनी त्यावरून उडी मारली आहे.

अकोट्याचा_पक्या

अनवाणी, प्रश्न जबरी. ताई, याचं उत्तर तयार ठेवा, सभागृहात कुणीतरी विचारणारच.

दांडियाबाजार

रामशास्त्री प्रभुणे. एवढंच म्हणतो. नारायणरावांच्या खुनाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पद सोडून पुण्यातून निघून गेले. राघोबा हटल्यावर परत आले. सत्ताच गुन्हेगार असेल तर न्यायाधीशाने काय करायचं, हे मराठी माणसाला आणखी शिकवायची गरज नाही.

अनवाणी

रामशास्त्र्यांनी कायदा मोडला नाही, सांगितला. फरक आहे.

रावपुरा_वकील

अनवाणींना उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, वकिलाच्या चष्म्यातून.

एक: तय्यबजी बडोदा संस्थानचे न्यायाधीश होते. धारासणा ब्रिटिश हद्दीत. नवसारी तेव्हा बडोद्याचा प्रांत होता, पण त्याला लागून असलेलं जलालपूर ब्रिटिशांचं. ज्या सरकारचा कायदा ते मोडायला निघाले, त्या सरकारचे न्यायाधीश ते कधीच नव्हते. त्याची शपथ त्यांनी घेतलेली नव्हती.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं: ते लपले नाहीत. सांगून निघाले, पकडल्यावर शिक्षा भोगली. जो माणूस आयुष्यभर आरोपीला "तुला गुन्हा मान्य आहे का" विचारत आला, तो स्वतः आरोपीच्या जागी उभा राहिला आणि मान्य आहे म्हणाला. न्यायव्यवस्थेचा यापेक्षा मोठा मान कसा राखणार?

रस्ता अडवणाऱ्याची तुलना मला पटत नाही, पण तो अडवून मग शांतपणे तुरुंगात गेला तर विचार करेन.

अनवाणी

पहिला मुद्दा तांत्रिक आहे, दुसरा मान्य. आरोपीच्या जागी उभा राहिला हे व्याख्यानात यायला हवं.

निवृत्त_लघुलेखक

मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक होतो. मोठ्या लोकांच्या चर्चेत तोंड घालतो आहे, पण पंजाबच्या समितीबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो.

न्यायाधीशाचं खरं काम निकाल लिहिणं नाही, साक्ष नोंदवणं आहे. बाहेरच्यांना हे कळत नाही. साक्षीदार उभा राहतो, गुजरातीत बोलतो, अर्ध्यात रडतो, मधेच शेजाऱ्याच्या म्हशीवर घसरतो. न्यायाधीश ऐकतो, थांबतो, आणि मला एक वाक्य सांगतो. त्या थांबण्यात सगळं असतं. साक्षीदार जे बोलला ते, त्याच्याच अर्थाने, एक शब्द जास्त नाही आणि एक कमी नाही. मी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यातले एक साहेब असे होते, की वाक्य सांगून झालं की ते परत गुजरातीत साक्षीदाराला वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "आमज कह्युं ने?" (असंच सांगितलंत ना?) तो मान हलवेपर्यंत पुढे जायचे नाहीत. वकील घड्याळ बघायचे. साहेब नाही बघायचे. त्यांच्या कोर्टातल्या जबान्या अपिलात कुणी खोट्या ठरवल्याचं मला आठवत नाही.

काँग्रेसच्या पंजाब समितीने 1,700 हून जास्त लोकांच्या जबान्या घेतल्या आणि त्यातल्या साधारण 650 छापल्या. प्रतिवृत्त मार्च 1920 मध्ये आलं. समितीत गांधीजी होते, चित्तरंजन दास होते, आपले मुकुंदराव जयकर होते. सगळे बॅरिस्टर, पण वकिलीतले. आयुष्यभर न्यायासनावर बसून ऐकून घेतलेला माणूस त्यात तय्यबजी. अतिशयोक्ती असलेली जबानी टाकून द्यायची, सिद्ध होईल तेवढंच ठेवायचं, ही सवय कोर्टातली आहे. म्हणून ते प्रतिवृत्त सरकारला सहज झटकता आलं नाही, असं मला वाटतं. ताईंनी बैलगाडीतली खादी जरूर सांगावी, पण त्यांनी न्यायाधीश म्हणून देशाला जे दिलं ते इथे आहे.

सुरसागर

काका, तुम्ही माझ्या व्याख्यानाचा कणाच दिलात. मी पंजाबला एका वाक्यात गुंडाळलं होतं. आता तिथेच सगळ्यात जास्त वेळ देते.

आणि कपडे जाळण्याचा अर्थही यातून लागतो. पासष्टीचा माणूस, इंग्लंडात वाढलेला, इंग्रजी न्यायावर ज्याची पूर्ण श्रद्धा. तो दिवसामागून दिवस समोर बसून ऐकतो, की अमृतसरच्या गल्लीत लोकांना पोटावर सरपटायला लावलं. त्याच्यापुढे ही अफवा म्हणून येत नाही, साक्ष म्हणून येते. उलटतपासणी करूनही टिकते. त्यानंतर तो सूट अंगावर कसा राहणार?

पुणेकर_सून

अवांतर, पण जयकरांचं नाव आलं म्हणून. ते पुढे फेडरल कोर्टाचे न्यायाधीश झाले, मग प्रिव्ही कौन्सिलवर गेले आणि 1948 मध्ये पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. विद्यापीठातलं मोठं ग्रंथालय त्यांच्याच नावाचं. मी तिथे बसून अभ्यास केलाय. बडोद्याला सून म्हणून आले आणि इथे त्यांचं नाव तय्यबजींच्या शेजारी वाचलं, छान वाटलं.

दांडियाबाजार

अवांतर सुरू झालंच आहे तर: तय्यबजी घराणं आणि टिळक. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन कुणी दिला? न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी, अब्बासांचे काका आणि सासरेही. तेच 1887 मध्ये काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष. आणि त्या जामिनासाठी टिळकांच्या बाजूने उभे राहिलेले बॅरिस्टर कोण? दिनशा दावर. तेच दावर 1908 मध्ये न्यायाधीश झाले होते, आणि सहा वर्षांची शिक्षा त्यांनीच सुनावली.

फतेगंजची_मीना

बाप रे. दावर आणि जामीन, हे माहीतच नव्हतं!

जुनाजाणता

रानड्यांचं नाव अजून कसं आलं नाही? ते तर न्यायासनावर असतानाच सार्वजनिक जीवनात होते. सामाजिक परिषद, औद्योगिक परिषद, प्रार्थना समाज. सरकारला संशय आला तेव्हा त्यांची पुण्याहून नाशिक, धुळे अशी बदली झाली. तरी 1893 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात नेमावंच लागलं. 1901 मध्ये गेले तोपर्यंत दोन्ही चालू होतं. निवृत्तीनंतरचं विचारता, तर तारकुंडे आहेत. सासवडचे. मुंबई उच्च न्यायालयातून 1969 मध्ये राजीनामा दिला आणि 1976 मध्ये जयप्रकाशांबरोबर नागरी स्वातंत्र्याची संघटना उभी केली. ताईंच्या कसोटीला शंभर टक्के उतरणारा माणूस.

कारेलीबागेतून

घरातली एक आठवण लिहू का? माझे सासरे दिवाणी न्यायाधीश होते, गुजरातेत बदल्यांवर बदल्या. सासूबाई सांगायच्या, नव्या गावी गेलं की पहिल्या दिवाळीला हमखास कुणीतरी मिठाईचा डबा पाठवायचं. सासरे डबा उघडत नसत. त्यावर एक चिठ्ठी बांधायचे, "आपल्या शुभेच्छा पोचल्या, आभारी आहे", आणि पट्टेवाल्याबरोबर परत. मुलं लहान होती, पेढ्याचा वास यायचा, रडायची. सासूबाई मग घरी बेसन भाजायला घ्यायच्या. दुसऱ्या दिवाळीला डबा यायचा नाही.

लग्नामुंजींना जायचे नाहीत, शेजाऱ्यांकडे पत्ते खेळायला जायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर बडोद्याला आले आणि अक्षरशः कुणी ओळखीचं नव्हतं. पुढची वर्षं एकटेपणात गेली. म्हणून मला इथे दोन्ही बाजूंचं पटतं. ज्या माणसाला आपण आयुष्यभर लोकांपासून लांब ठेवतो, त्याने निवृत्तीनंतर लोकांत यावं म्हणजे कसं यावं? त्याला कुणी बोलावलं तर पाहिजे. आमच्या सासऱ्यांना कुठल्या मंडळाने, कुठल्या वाचनालयाने कधी बोलावलं नाही. सरकारने बोलावलं असतं तर कदाचित गेले असते.

रावपुरा_वकील

वहिनी, शेवटची दोन वाक्यं सगळ्यांनी पुन्हा वाचावीत. सरकारशिवाय दुसरं कुणी बोलावतच नाही, ही आपली चूक आहे.

इंदूरचा_पाव्हणा

हेच मला म्हणायचं होतं, वहिनींनी चांगलं म्हटलं.

फतेगंजची_मीना

पटलं, पण मोठ्या न्यायमूर्तींना बोलावणाऱ्यांची कमी नसते. माजी सरन्यायाधीश लोढा साहेबांनी सुचवलं होतं तसं निवृत्तीनंतर दोन वर्षं तरी कुठलंही पद घ्यायचं नाही, एवढं केलं तरी पुरे. आणि भूषण गवई, आपले अमरावतीचे, त्यांनी सरन्यायाधीश असतानाच जाहीर केलं की निवृत्तीनंतर सरकारी पद घेणार नाही. म्हणजे आजही जमतं.

रावपुरा_वकील

दोन वर्षं थांबायचं तर निवृत्तिवेतन आणि निवृत्तीचं वय दोन्ही बघायला लागेल. उच्च न्यायालयात 62 ला घरी पाठवतात, सर्वोच्च न्यायालयात 65. तुलना करा, 76 ला तय्यबजी मीठ उचलायला निघाले होते.

अकोट्याचा_पक्या

न्यायमंदिराच्या इमारतीत काय चाललंय सध्या? सुरसागर तलावाच्या पाळीला शेवउसळ खायला गेलो की बंद दरवाजे बघून वाईट वाटतं.

निवृत्त_लघुलेखक

2018 मध्ये कोर्ट दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेलं. नवीन जागा सोयीची आहे, लिफ्ट आहे, गाड्या लावायला जागा आहे, खोटं कशाला बोलू. पण न्यायमंदिराचा मधला दिवाणखाना! चिझमने बांधलेली 1896 ची इमारत. आत महाराणी चिमणाबाईंचा संगमरवरी पुतळा. मूळ बेत म्हणे बाजाराचा होता. पक्षकार उन्हातून आत आले की त्या उंच छताखाली आपोआप आवाज खाली आणायचे. निकाल लागल्यावर जिंकलेलाही आणि हरलेलाही त्या पुतळ्यासमोरच्या फरशीवर बसून चपला घालताना मी पाहिलेत. ती इमारत अशी रिकामी राहू नये, एवढंच वाटतं.

दांडियाबाजार

ताईंचं व्याख्यान तिथेच ठेवता आलं असतं तर काय बहार आली असती.

संपादक मंडळ

सध्याच्या पक्षांवरचे दोन प्रतिसाद काढले आहेत. धागा छान चालला आहे, तसाच चालू द्या.

अनवाणी

मूळ प्रश्नाकडे येतो. विरोध करायला आलो होतो, थोडा सरकलो. तरी एक आक्षेप उरतोच. तय्यबजी सधन घरातले होते. त्यांना पद नको म्हणणं परवडत होतं. वहिनींच्या सासऱ्यांसारख्या, भाड्याच्या घरात आयुष्य काढलेल्या न्यायाधीशाला तोच दंडक लावणं न्याय्य आहे का? त्यागाची गोष्ट सांगताना त्यागाला लागणारी ऐपतही सांगावी.

सुरसागर

सांगेन. आणि त्यासोबत हेही, की ऐपत असलेले बहुतेक जण तेव्हाही घरीच बसले होते. ज्याच्याकडे होतं त्याने ते वापरलं.

माझं मत तुमच्यामुळे बदललं ते असं. आधी मी "पद घेऊ नये" हा नियम मांडणार होते. आता नियम फक्त वरच्या न्यायालयांपुरता आणि फक्त सरकारने द्यायच्या पदांपुरता मांडेन. वकीलसाहेब म्हणतात तशी कायद्यानेच ठरवलेली न्यायाची कामं वेगळी, आणि राजकीय बक्षिसं वेगळी. खाली, जिल्हा पातळीवर, आपणच बोलावायला शिकायचं. शहरात निवृत्त न्यायाधीश असतील तर त्यांना आपल्या वाचनालयात बसवून लोकांची कागदपत्रं बघायला सांगता येतील. भाडेकराराचे, वारसाचे, निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन लोक किती भटकतात!

अजून एक गोष्ट व्याख्यानात घेणार आहे. गांधीजी आणि तय्यबजी एकमेकांना पत्रात आणि भेटीत "भर्र्र" म्हणून हाक मारायचे. दोन म्हातारे, एक तुरुंगात, एक बाहेर, आणि पत्राची सुरुवात "भर्र्र"! मुलांना हे सांगितलं की ती लक्ष देऊन ऐकतील. शिवाय मुली शिकवल्या, पडदा झुगारला, मुलगी रेहाना तय्यबजी भजनं गायच्या, आणि इतिहासकार इरफान हबीब हे अब्बासांचे नातू, ज्यांचा जन्म बडोद्यातला. या घराबद्दल सांगावं तेवढं थोडं.

कारेलीबागेतून

ताई, वाचनालयाची कल्पना खरंच करायची असेल तर मी शनिवारी दुपारी बसू शकते. कायदा येत नाही, पण रांग लावणं, चहा, नोंदवही, हे सगळं सांभाळेन. सासऱ्यांचे एक जुने सहकारी अजून बडोद्यात आहेत, त्यांना विचारते.

रावपुरा_वकील

वहिनी, मीही येतो. फक्त एक सूचना: तिथे आलेल्या कुणाचाही खटला आपल्यापैकी कुणी वकिलाने नंतर फी घेऊन चालवायचा नाही, हे पहिल्या दिवशीच भिंतीवर लिहून लावा.

निवृत्त_लघुलेखक

मी येतो. अर्ज टंकून देईन. गुजराती, मराठी, इंग्रजी तिन्ही येतात.

अनवाणी

व्याख्यान कधी आहे? प्रश्न विचारायला येणार आहे.

सुरसागर

तारीख मंडळाने अजून पक्की केलेली नाही. ठरली की इथेच लिहिते. अनवाणी, पुढच्या रांगेत बसा.